शाळेतील धावपटू : सराव, चाचणी आणि देखरेख

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण वाचन, गणित आणि मूल्यमापन या विषयांचा ऊहापोह केला. आता अखेरच्या तासाला मैदानाचा विषय माझ्याकडे आला आहे. शाळेच्या वेळापत्रकातही तो बहुधा अखेरच्याच तासाला असतो, आणि पाऊस आला, तपासणी आली किंवा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी त्याचाच जातो. तथापि तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे याच विषयाला एकाएकी महत्त्व प्राप्त होते. मग चार-सहा आठवडे आपण मुलांना सकाळ-संध्याकाळ पळवितो. वर्षातील बहुतेक काळ उपेक्षा आणि उरलेला काळ अतिरेक, अशी ही स्थिती आहे. तिच्यात काही सुधारणा करता येईल काय, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट आहे. माझ्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने सडपातळ, पायाने चपळ. केंद्रस्तरावरील सहाशे मीटरच्या शर्यतीत तो सहज पहिला आला. तालुक्याच्या स्पर्धेला सहा आठवडे होते. मी उत्साहाने एक शंभर पानी वही घातली आणि रोज पहाटे त्याला पाझर तलावाच्या बांधावरून पळवू लागलो. दर शनिवारी मैदानावर सहाशे मीटरची वेळ घेऊन ती वहीत टिपीत असे. पहिल्या शनिवारी वेळ होती २ मिनिटे १४ सेकंद. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती २ मिनिटे ७ सेकंदांवर आली. मी हुरळून गेलो आणि बांधावरच्या फेऱ्या दुप्पट केल्या. चौथ्या आठवड्यात वेळ २ मिनिटे ११ सेकंद झाली. मला वाटले, पोरगा आळसावला. मी त्याला चारचौघांत बोललो आणि आणखी दोन फेऱ्या वाढविल्या. पाचव्या आठवड्यात वेळ २ मिनिटे १६ सेकंदांवर गेली. त्याच सुमारास गुडघ्याखाली दुखते असे तो एकदा हळूच म्हणाला. "पळणाऱ्याचे पाय दुखायचेच," असे उत्तर मी दिले. स्पर्धेच्या दिवशी तो लंगडत सहावा आला. पुढे कित्येक महिने त्याला नीट धावता आले नाही. आणि जेव्हा धावता येऊ लागले तेव्हा तो मैदानाकडे फिरकेना.

ती वही आजही माझ्याजवळ आहे. मला जे कळावयास हवे होते ते सारे माझ्याच हस्ताक्षरात तीत लिहिलेले आहे. मी मोजीत होतो, परंतु मोजलेले वाचीत नव्हतो.

क्रीडाशास्त्र हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा उभ्या राहतात. फिरत्या पट्ट्यावर धावणारा खेळाडू, त्याच्या तोंडाला नळी, छातीला तारा, असे ते चित्र असते. आपल्या द्विशिक्षकी शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु त्या यंत्रसामग्रीच्या मुळाशी असलेला विचार आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. मुलाला काय येते हे आपण प्रथम पाहतो. त्याला झेपेल आणि थोडे ताणेल एवढे देतो. आणि दिलेले त्याच्या अंगी लागले की नाही हे पुन्हा पाहतो. मैदानावर यांपैकी पहिल्या गोष्टीला चाचणी म्हणावे, दुसरीला सराव आणि तिसरीला देखरेख. वर्गात या तिन्ही गोष्टी आपण करतो. मैदानावर मात्र बहुधा मधलीच करतो, आणि तीही अंदाजाने.

प्रथम सरावाविषयी बोलू. सरावाने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. श्रम चालू असताना शरीर थकते, स्नायूंतील साठविलेली शक्ती खर्च होते, त्यांच्या तंतूंची सूक्ष्म झीज होते. ही झीज भरून निघते ती नंतरच्या विश्रांतीत, जेवणात आणि झोपेत. शरीराचा गुण असा की झीज भरून काढताना ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक भरते, जणू पुढच्या श्रमाची तरतूद करून ठेवते. हे भरणे पुरे होण्यापूर्वीच पुन्हा तेवढेच कठोर श्रम केले, आणि असे दिवसांमागून दिवस चालले, तर खात्यात जमा होण्याऐवजी उधारीच वाढत जाते. फार दिवस विश्रांती घेतली तर जमा झालेलेही ओसरते. श्रम आणि विश्रांती यांची सांगड घालणे हीच सरावाची कला होय.

याचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडमधील धावपटू रॉजर बॅनिस्टर यांचे आहे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथील मैदानावर त्यांनी एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत तोडले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते पहिलेच. ते त्या वेळी वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि धावताना शरीराला प्राणवायू किती लागतो, यावर त्यांनी स्वतः प्रयोगही केले होते. त्यांचा सराव फार मोठा नव्हता. पाव मैल वेगाने धावावयाचे, मग दोन मिनिटे विसावा, आणि असे दहा वेळा. हा त्यांचा मुख्य व्यायाम. डिसेंबर १९५३ मध्ये प्रत्येक पाव मैलास ६६ सेकंद लागत. ही वेळ हळूहळू खाली येत एप्रिलमध्ये ६१ सेकंदांवर आली आणि तेथेच अडली. कितीही प्रयत्न केला तरी ६० सेकंद काही साधेनात.

आपण त्यांचे गुरुजी असतो तर काय केले असते? मी तरी दोन फेऱ्या वाढविल्या असत्या. बॅनिस्टर यांनी सराव थांबविला आणि आपल्या धावपटू मित्रासह ते स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले. काही दिवसांनी परतून त्यांनी तेच दहा पाव मैल पुन्हा धावून पाहिले, तेव्हा प्रत्येकास ५९ सेकंद लागले. डोंगरात त्यांना नवी ताकद कोणी दिली नव्हती. महिनोन् महिने केलेल्या श्रमांचे जे फळ थकव्याखाली दडून राहिले होते, ते विश्रांती मिळताच वर आले. शर्यतीपूर्वीचे अखेरचे पाच दिवसही ते धावले नाहीत.

आता माझ्या वहीतील ते आकडे पुन्हा आठवा. २ मिनिटे ७ सेकंदांवरून वेळ ११ वर गेली, ती त्या मुलाच्या आळसामुळे नव्हे. त्याच्या शरीराने मला दिलेला तो जबाब होता. मी तो जबाब शिस्तीचा भंग समजलो.

विश्रांती किती द्यावी, हे ठरविण्याचे एक साधन आपणा प्रत्येकाच्या मनगटाशी आहे. ते म्हणजे नाडी. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे व्होल्डेमार गेर्श्लर हे प्रशिक्षक आणि हेर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून सरावाची एक पद्धत सिद्ध केली. धावपटूने थोडे अंतर वेगाने धावावे. त्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत जातात. मग त्याने थांबावे किंवा सावकाश चालावे, आणि ठोके १२० पर्यंत उतरले म्हणजे पुन्हा धावावे. दीड मिनिटात ते उतरले नाहीत, तर आधीचे धावणे त्याच्या ताकदीबाहेरचे झाले असे समजून त्यात घट करावी. गेर्श्लर यांचे शिष्य रुडोल्फ हार्बिग यांनी १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. तो सोळा वर्षे टिकला. १८० आणि १२० हे आकडे प्रौढ धावपटूंचे आहेत. ते आपल्या मुलांना जसेच्या तसे लावावयाचे नाहीत. मुलांचे ठोके मुळातच अधिक असतात. पण पुढची फेरी केव्हा, हे शिक्षकाच्या शिटीने न ठरविता धावणाऱ्याच्या शरीराने ठरवावे, हे त्यातील तत्त्व आपल्या फार उपयोगाचे आहे. नाडी मोजणे जमत नसेल तर याहूनही सोपी कसोटी आहे. सावकाश धावण्याच्या सरावात मुलाला शेजारच्या गड्याशी एखादे वाक्य पुरते बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग अधिक झाला. आणि वेगाच्या धावेनंतर जो पुन्हा नीट बोलू लागला तोच पुढच्या फेरीला तयार झाला, असे समजावे.

आता चाचणीकडे वळू. माणूस जसजसा वेगाने धावतो तसतशी त्याची प्राणवायूची गरज वाढत जाते. परंतु एका मर्यादेपुढे शरीर अधिक प्राणवायू घेऊ शकत नाही. ही मर्यादा इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिली. त्यासाठी त्यांनी पाठीवर हवेची पिशवी बांधून गवताच्या मैदानावर माणसे धावविली, आणि स्वतःही धावले. आपण ज्याला दमसास म्हणतो त्याचे हे शास्त्रीय माप होय. पुढे प्रयोगशाळेवाचूनही या मापाचा अंदाज यावा म्हणून सोप्या चाचण्या निघाल्या. अमेरिकेच्या वायुदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांच्या धावेची चाचणी प्रसिद्ध केली. कॅनडातील ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये वीस मीटरच्या येरझाऱ्यांची चाचणी मांडली. तीत वीस मीटर अंतरावर दोन रेघा आखतात. ठरावीक अंतराने होणाऱ्या आवाजाबरोबर मुलांनी एका रेघेवरून दुसरीवर पोहोचावयाचे असते. आरंभीचा वेग ताशी साडेआठ किलोमीटर, म्हणजे एका खेपेस सुमारे साडेआठ सेकंद. मग दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. ज्याला आवाज गाठता येत नाही तो थांबतो. चुन्याची फक्की, मोजपट्टी आणि आवाज एवढ्यावर ही चाचणी होते. २०१९ नंतर आपल्या शाळांतून जी 'खेलो इंडिया'ची क्षमता चाचणी घेतली जाते, तिच्यातही वरच्या वर्गांसाठी पन्नास मीटर आणि सहाशे मीटर धाव आहेच. पहिली ते तिसरीच्या मुलांना मात्र धावेऐवजी तोल सांभाळणे आणि हाताची चपळाई यांच्या चाचण्या आहेत, हे योग्यच आहे.

चाचणी घेताना काही पथ्ये पाळली नाहीत तर आकडे निरुपयोगी ठरतात. मैदान, दिवसाची वेळ आणि अंतर दर वेळी तेच असावे. एकदा अनवाणी आणि एकदा बूट घालून धावलेल्या वेळांची तुलना करू नये. खिचडी खाऊन उठलेल्या मुलांना लगेच धाववू नये, आणि सकाळपासून उपाशी असलेल्या मुलाची तर चाचणीच घेऊ नये. शिवाय हाताने घेतलेली वेळ ही अंदाजी वेळ असते. इशारा दिसल्यावर बोट दाबले जाण्यास क्षणाचा विलंब होतो. म्हणूनच शंभर मीटरची हाताने घेतलेली वेळ विजेच्या घड्याळाच्या वेळेशी ताडून पाहावयाची असेल तर तीत ०.२४ सेकंद मिळविण्याची रीत आहे. तेव्हा पन्नास मीटरच्या धावेत एखादा मुलगा दोन दशांश सेकंदांनी सुधारला किंवा मागे पडला, तर त्यावरून हर्ष किंवा खेद मानण्याचे कारण नाही. तो फरक मुलाच्या पायांत नसून आपल्या बोटात असू शकेल. दोन वेळा धाववून, दोघांनी वेळ घेऊन आणि चार-सहा आठवड्यांच्या अंतराने पाहूनच मत बनवावे.

याहून महत्त्वाचे पथ्य तुलनेचे आहे. एकाच वर्गात, एकाच वयोगटात धावणारी दोन मुले खरोखर समवयस्क असतात काय? वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा सुमारे अकरा महिन्यांनी मोठा असतो. दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळजवळ अकरावा हिस्सा! कॅनडामध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बर्फावरील हॉकी खेळणाऱ्यांच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा निवडल्या गेलेल्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा आढळला. लहानपणी जी मुले केवळ वयाने थोडी मोठी होती, त्यांना गुणी समजून अधिक संधी मिळाली; धाकटी मागे राहिली, आणि ती गुणहीन ठरली. आपल्या मैदानावरही दरवर्षी हेच घडत नसेल काय?

वाढीच्या वयात दुसरीही एक गोष्ट घडते. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण कोणाचा दोन वर्षे आधी, कोणाचा नंतर. या काळात हाडे लवकर लांब होतात आणि हातापायांवरचा ताबा काही काळ सुटल्यासारखा होतो. काल चपळ असलेले मूल आज अडखळू लागते, वेळ मंदावते. हे तात्पुरते असते. याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली जेथे स्नायूंचा बंध नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, तेथे फार उड्या मारण्याने आणि धावण्याने ओढ बसून दुखू लागते व कधी टेंगूळही येते. श्रम कमी केले की ते बहुधा बरे होते, दुर्लक्ष केले की चिवट होते. माझ्या त्या विद्यार्थ्याचे दुखणे हेच असावे, असे आज मला वाटते. यास्तव दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची भिंतीवरच्या खुणेशी मोजून ठेवा. उंची झपाट्याने वाढू लागली की सराव हलका करा, उड्यांचे प्रमाण कमी करा. आणि वेळ मंदावली तर मुलाला समजावून सांगा की हा दोष नव्हे, ही वाढ आहे.

म्हणून माझी विनंती अशी की चाचणीचा निकाल फळ्यावर क्रमवार लावू नये. प्रत्येक मुलाचे पान निराळे असावे आणि त्या पानावर त्याची आजची वेळ त्याच्याच मागील वेळेशेजारी लिहावी. जो दहावा आहे तो गेल्या वेळेपेक्षा सुधारला, हे त्याला पानावर दिसले तर तो उद्या मैदानावर येईल. क्रमांक दिसला तर येणार नाही.

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणजे देखरेख. मुलावर किती श्रम पडले, हे मोजावयाचे कसे? स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात याचे एक साधे उत्तर शोधले. ते म्हणजे, धावणाऱ्यालाच विचारावे. श्रम किती जड वाटले, याला त्याने आकडा द्यावा. पुढे अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी त्याचा असा उपयोग केला, की सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला शून्य ते दहांपैकी एक आकडा विचारावा आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणावे. चाळीस मिनिटे कबड्डी आणि आकडा पाच, तर श्रम दोनशे. वीस मिनिटे सावकाश धाव आणि आकडा तीन, तर श्रम साठ. आठवड्याची बेरीज करावी आणि मागील आठवड्याच्या बेरजेशी ताडून पाहावी. बेरीज एकदम दुपटीवर गेली असेल तर आपण चुकत आहोत. दिवसही एकसारखे जड नसावेत. जड दिवसानंतर हलका दिवस आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुटी असावी. पाचवी ते सातवीच्या मुलांना हा हिशेब स्वतः करता येतो, आणि गुणाकाराचा सरावही त्यातच होतो!

परंतु खेड्यातील शिक्षकाने या हिशेबात आणखी एक रकाना घातला पाहिजे. पुस्तकांतील खेळाडू सराव संपवून घरी जातो आणि विश्रांती घेतो. आपला खेळाडू घरी जाऊन काय करतो? माझा तो विद्यार्थी पहाटे चारला उठून गोठा झाडीत असे, विहिरीवरून पाण्याच्या खेपा आणीत असे आणि मगच बांधावर पळावयास येत असे, हे मला त्या सहा आठवड्यांत ठाऊकच नव्हते. मी कधी विचारलेच नाही. पाण्याच्या अर्ध्या तासाच्या खेपांना त्याने चारचा आकडा दिला असता, तर ते श्रम एकशेवीस झाले असते. माझ्या हलक्या दिवसाच्या सरावाहून दुप्पट. दोन मैल चालत शाळेत येणे, गुरांमागे फिरणे, कापणीच्या दिवसांत आईवडिलांना हातभार लावणे, हे सारे शरीराच्या दृष्टीने श्रमच आहेत. शरीर मैदानावरचा घाम आणि शेतातला घाम निरनिराळा मोजीत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांचे घरकाम कोणी कामात धरीतच नाही. त्या आठवड्यात घरी काम अधिक असेल तर मैदानावरचे कमी करणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय.

तेव्हा वहीच्या पानावर रकाने असे करावेत. तारीख, सराव किती मिनिटे आणि आकडा कोणता, घरचे काम, झोप किती तास, सकाळी उठताच पडल्यापडल्या मोजलेली नाडी, कोठे दुखते काय, आणि शेवटी मन कसे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्रीची नऊ ते बारा तास झोप हवी. ती वारंवार कमी पडत असेल तर सरावापेक्षा झोपेचाच विचार आधी करावा. नाडी प्रत्येकाची निराळी असते. म्हणून आठ-दहा दिवस मोजून त्या मुलाची नेहमीची नाडी ठरवावी. ती सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अधिक येऊ लागली, तर ताप येऊ घातला आहे किंवा विश्रांती अपुरी पडत आहे, अशी शंका घ्यावी. त्याच्या जोडीला वेळ मंदावली, झोप उडाली, भूक मंदावली, हसरे मूल चिडचिडे झाले, तर सराव थांबवावा. एकाच जागी बोट ठेवून दाखविता येईल असे दुखणे, सरावानंतरही न थांबणारे, रात्री जागविणारे किंवा लंगडावयास लावणारे दुखणे असेल, तर पालकांना कळवून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. धावताना भोवळ येणे किंवा छातीत दुखणे या गोष्टी आढळल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून त्या मुलाला पुन्हा धाववू नये. उन्हाळ्यात सराव सकाळीच उरकावा आणि पाण्याचा डेरा मैदानाच्या कडेला असावा, हे आपणांस सांगावयास नकोच.

एक शंका आपल्या मनात आली असेल. इतके जपून मोठे धावपटू कसे निर्माण होतील? याचे उत्तर आपल्याच भागाने दिले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. लहानपणी त्यांना शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटरची पायपीट करावी लागे. खऱ्या अर्थाने त्यांचा धावण्याचा सराव सुरू झाला तो सैन्यात दाखल झाल्यावर, २०१५ च्या सुमारास. त्याच साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. लहानपणी त्या खो-खो खेळत असत. सातवीतच सारे कर्तृत्व दाखविले पाहिजे, असा नियम या दोघांनाही लागू पडला नाही.

प्राथमिक शाळेचे काम विजेते घडविण्याचे नाही. पुढे विजेता होऊ शकेल असे शरीर आणि तसे मन न मोडता वरच्या शाळेकडे सोपविण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांची धडपडीची हालचाल सांगितली आहे. लंगडी, लगोरी, खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, झाडावर चढणे, यांतून ती आनंदाने होते. एकाच शर्यतीच्या मागे बारा महिने लावण्यापेक्षा हे सारे खेळलेले मूल पुढे अधिक लवकर शिकते. आणि त्या साठ मिनिटांवर वर्गातील प्रत्येक मुलाचा हक्क आहे, केवळ वेगवान चौघांचा नव्हे.

मी आरंभी सांगितलेल्या वहीकडे पुन्हा येतो. तीत एका पानाच्या कडेला मीच पेन्सिलीने लिहिले आहे, "आज बोलत नाही." त्या वेळी मला तो उद्धटपणा वाटला होता. आज वाटते, तो मुलगा थकला होता, त्याचा पाय दुखत होता, आणि गुरुजींना हे सांगावयाचे कसे हे त्याला कळत नव्हते. आपली मुले गुरुजींकडे आणि बाईंकडे तक्रार करीत नाहीत. आपण पळ म्हटले की ती पळतात. ही त्यांची श्रद्धा आपल्यावर फार मोठी जबाबदारी टाकते. ती सांगणार नाहीत, म्हणून आपणच विचारले पाहिजे. नाडी, आकडा, घड्याळ, ही सारी साधने अखेर या विचारण्याचीच साधने आहेत.

उद्या शाळेत गेल्यावर आपण एवढेच करा. एक वही घाला. प्रत्येक मुलाला एक पान द्या. आणि सरावाची शिटी वाजविण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा, "रात्री झोप झाली का? कुठे दुखते का? सकाळपासून घरी काय काय काम केलेस?" मिळालेले उत्तर लिहून ठेवा, आणि लिहिलेले वाचूनच पुढची फेरी ठरवा.